बारा पाऊणे नऊ

मी आयुष्यात पहिल्यांदा मंगलाष्टकं ऐकली! हसू नका. माझं वय छप्पन्न, माझं स्वतःचं लग्न धरून निदान तीनेकशे लग्नं मी जेवले असेन, आणि तरीही सांगते, पहिल्यांदाच ऐकली. तीसुद्धा माझ्या लेकीच्या लग्नात, गुहागरच्या एका घराच्या मागच्या अंगणात, माईक नसताना! लग्नाला होती अडतीस माणसं. मी अकरावं किंवा बारावं माणूस मोजून पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, कारण खरंच वाटत नव्हतं. परत आल्यापासून भाजीवालीपासून लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना हे सांगून झालंय. आता तुम्ही उरलात.

सुरुवात लेकीने केली. साखरपुडा झाला त्याच रात्री म्हणाली, "आई, लग्न घरच्याच माणसांत करायचं आणि समुद्राजवळ करायचं." माझ्या पोटात गोळा. डेस्टिनेशन वेडिंग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर उदयपूरचे महाल, हत्तीवरून येणारा नवरदेव आणि विमानाची तिकिटं. शिवाय एका कार्यक्रम आखणाऱ्या कंपनीला लेकीने सहज विचारलं, तर त्यांनी सांगितलं, कमीत कमी शंभर माणसं असतील तरच आम्ही हात घालतो. म्हणजे लहान लग्न करायचं तर आधी माणसं वाढवा! इकडे नवरा डोंबिवलीच्या हॉलच्या तारखा विचारून आला होता आणि त्याच्या संगणकावर पाचशे चाळीस नावांची यादी तयार होती. त्यात त्याच्या बँकेच्या तीन शाखांमधले लोक होते. त्यांतल्या एका शाखेत तो फक्त आठ महिने होता.

यादी हा या सगळ्या प्रकरणातला खरा घाट. बाकीचं सगळं सोपं आहे, एवढं एक पार करा. आम्ही तीनदा बसलो, तीनदा उठलो. शेवटी लेकीने कसोटी काढली: ज्याच्या घरी आपण फोन न करता जाऊ शकतो आणि "चहा टाक गं" म्हणू शकतो, तो यादीत. बस्स! पाचशे चाळीस नावांवर ही चाळणी धरली आणि खाली वीस माणसं पडली. नवरा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, "आपण एवढे एकटे आहोत?" मी म्हटलं, "एकटे कसले, वीस माणसं आहेत की!" खरं सांगू? त्या रात्री मला त्या वीस नावांचं फार अप्रूप वाटलं. एरवी हीच माणसं आपल्या लग्नांत सगळ्यात मागे राहतात. त्यांना आपण गृहीत धरतो आणि शाखा व्यवस्थापकांना पुढच्या सोफ्यावर बसवतो.

मुलाकडची मंडळी अमरावतीची. त्यांना कसं सांगायचं म्हणून आठवडाभर शब्द जुळवत होते. फोन केला तर विहीणबाई पलीकडून म्हणाल्या, "आमच्याकडून अठरा. चालतील ना?" इतकंच. मी फोन ठेवून देवापुढे साखर ठेवली.

आता गुहागरच का? व्याडेश्वर हे माझ्या माहेरचं कुलदैवत. भर बाजारपेठेत देऊळ, शिवपंचायतन, म्हणजे मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना चार देवता. लहानपणापासून आम्ही तिथे यायचो ते असे: अभिषेक, नारळ, प्रसाद, जेवण आणि परतीची गाडी. गुहागर म्हणजे चार तास. रात्रीचं गुहागर मी कधी पाहिलंच नव्हतं! मार्गशीर्षात मी, लेक आणि भाचा असे तिघं जागा बघायला गेलो तेव्हा पहिल्यांदा राहिलो. गावाची रचना बघून मी वेडीच झाले. एकच लांब रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना घरं. समुद्राकडच्या ओळीतल्या घरात पुढच्या दाराने शिरायचं: अंगण, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागचं अंगण, विहीर, मग नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की सुरूचं बन, आणि बन संपलं की थेट समुद्र. पुढच्या दारात एसटी आणि मागच्या दारात अरबी समुद्र! असं एक घर आम्हाला मिळालं. काका-काकू दोघंच राहतात, मुलं पुण्याला, नऊ खोल्या पर्यटकांना देतात. आजूबाजूच्या दोन घरांत आणखी पाच खोल्या सांगून ठेवल्या. झाला आमचा महाल.

तर त्या पहिल्या भेटीत लेकीने काकांना आपला बेत सांगितला. लग्नाच्या आदल्या दिवशी रात्री साडेआठला वाळूवर संगीत, खुर्च्या, दिव्यांच्या माळा, मोठे स्पीकर. काका सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले,

"आदल्या दिवशी तिथी कोणती?"

मी पंचांग बघितलेलं होतं. "माघ शुद्ध द्वादशी."

"बारा पाऊणे नऊ," काका म्हणाले.

भाचा बरोबर होता, तो लगेच, "पावणेनऊ म्हणजे अजून पंधरा मिनिटं मिळतात की!"

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. "पावणेनऊ नाही रे बाबा. बारा पाऊणे, नऊ. तिथीची पाऊणपट करायची. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे द्वादशीला नऊ वाजता भरती पूर्ण. साडेआठला तुझ्या खुर्च्या पाण्यात आणि स्पीकर दाभोळात."

अहो, मला हे माहीतच नव्हतं! आयुष्यभर कॅलेंडरवर तिथी बघत आले, उपास सोडले, संकष्टीचा चंद्रोदय पाहिला, आणि त्या तिथीत समुद्राचं वेळापत्रक दडलंय हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळतंय! प्रतिपदेपासून मोजायचं, शुद्ध असो की वद्य. तिथी गुणिले पाऊण, आली भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला समुद्र भरलेला आणि दुपारी बाराला आटलेला. काका म्हणाले, वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण होडी घालणाऱ्याला तेवढं पुरतं. कारणही सोपं: चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरती त्याच्या मागोमाग रोज तेवढीच पुढे सरकते, आणि पाऊण तास हा त्याचा तोंडी हिशेब. शाळेत पाऊणकी पाठ करणाऱ्या आमच्या आजोबांच्या पिढीला हे किती सोपं गेलं असेल!

लेकीने तिथल्या तिथे बोटांवर मोजलं. नऊला भरती, म्हणजे दुपारी तीनला ओहोटी. तीन ते सहा वाळूच वाळू. संगीत दुपारी चारला ठरलं, सूर्यास्ताला संपवायचं ठरलं. मग ती एकदम थांबली. "आणि लग्नाच्या दिवशी? त्रयोदशीला?" काका हसले. "तेरा पाऊणे पावणेदहा. मुहूर्त किती वाजता आहे? दहा चाळीस? मग समुद्र तुमच्या मांडवाजवळ आलेला असेल." माझ्या अंगावर काटा आला. आता लिहितानाही येतोय.

दिव्यांच्या माळा काकूंनी रद्द केल्या. कारण ऐका. नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, एकेका घरट्यात शंभराच्या आसपास. पिल्लं बाहेर पडली की जिकडे उजेड जास्त तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर पाण्याकडची बाजू उजळ असते म्हणून ती बिनचूक समुद्र गाठतात. आपण वाडीकडे झगमगाट केला की बिचारी उलटी चालू लागतात. कोकणात हे कासवं राखायचं काम 2002 मध्ये वेळासला सुरू झालं, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने केलं, आणि आता गुहागरलाही जाळीच्या कुंपणात अंडी सांभाळतात. एक गोष्ट तर इतकी गोड आहे! 2021 मध्ये ओडिशात खूण लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत चक्क गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेचा किनारा सोडून, भारताला वळसा घालून! डेस्टिनेशनसाठी एवढी लांब आलेली मंडळी इथे आधीच होती म्हणायची.

माझी आई चौऱ्याऐंशीची. तिला डेस्टिनेशन वेडिंग समजावून सांगायला गेले, तर म्हणाली, "म्हणजे वऱ्हाड दुसऱ्या गावी जाणार, तीन दिवस जानवशाला राहणार, आणि मग लग्न लागणार. त्यात नवीन काय?" मी गप्प! बरोबर आहे की तिचं. तिच्या लग्नात वऱ्हाड बैलगाडीतून आलं होतं. हॉलमधलं तीन तासांचं लग्न हीच नवी गोष्ट, आम्ही त्यालाच परंपरा समजत होतो. सीमांतपूजन म्हणजे काय, कधी विचार केलाय? सीमा, अंत. मुलाकडची मंडळी गावाच्या वेशीवर आली की वधूपित्याने सामोरं जायचं, तिथे जावयाची पूजा करायची आणि मानाने गावात आणायचं. आम्ही आजवर ते हॉलच्या पहिल्या मजल्यावर, चपलांच्या ढिगाशेजारी उरकत आलो.

मग काय, आम्ही ठरवलं, सीमांतपूजन सीमेवरच. एकादशीला संध्याकाळी अमरावतीची बस चिपळूणहून शृंगारतळीला पोचल्याचा फोन आला. ही मंडळी आदल्या रात्री रेल्वेत बसली होती, सकाळी मुंबईला उतरून बसने निघाली होती. आम्ही ताम्हण, कलश, तांदूळ घेऊन गुहागरात शिरणाऱ्या रस्त्याच्या कडेला उभे. गुरुजी पण उभे. बस आली, थांबली, दार उघडलं आणि अठरा दमलेली, विस्कटलेली, केस पिंजारलेली माणसं खाली उतरली. माझ्या नवऱ्याने धुळीत पाट मांडून जावयाचे पाय धुतले. येणाऱ्या-जाणाऱ्या दुचाक्या थांबल्या. एका रिक्षावाल्याने रिक्षा बंद करून हात जोडले. वऱ्हाडातून आलेलं वऱ्हाड गावात शिरलं! तो विधी मी शंभर वेळा पाहिला होता. तो कशासाठी आहे हे त्या संध्याकाळी कळलं: लांबून आलेल्या माणसाचे पाय खरोखर मळलेले असतात.

बसमधून जावयाच्या आजी उतरल्या. वय ब्याऐंशी, समुद्र पहिल्यांदा बघणार. चहासुद्धा न घेता वाडीतून तडक मागे गेल्या. आम्ही मागून. सुरूच्या बनातून बाहेर आल्या, पदर सावरत उभ्या राहिल्या, आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "एवढं पानी बापा! अन् प्यायच्या कामाचं नाई?" ज्यांच्या गावी उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात त्या बाईचा हा प्रश्न. आम्ही हसलो, पण मला तो अजून ऐकू येतो.

आता द्वादशीची सकाळ. इथे मला जरा थांबू द्या, कारण लग्नाइतकंच मला हे सांगायचंय. माघात ओले काजू सुरू होतात. काकूंनी वाडीवरून टोपलीभर हिरव्या बिया आणवल्या होत्या. ओल्या काजूची उसळ मी हॉटेलात खाल्ली आहे, पण तो गर बियातून निघतो कसा, ते कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी हाताला खोबरेल तेल चोपडलं, विळीवर बी उभी चिरली, आणि टोकदार काडीने आतला गर अख्खा उचलून पाण्यात टाकला. टप्! मी म्हटलं, मलाही द्या. "तेल लावा आधी," त्या म्हणाल्या, "त्याचा चीक लागला तर आठ दिवस हात काळे आणि कातडी सोलून निघते. मुलीची आई ना तुम्ही?" मी तेल लावलं, तरी अंगठा आणि पहिलं बोट काळं झालंच. लग्नाच्या सगळ्या फोटोंत माझा उजवा अंगठा काळा आहे. मेंदीपेक्षा मला तोच दागिना वाटतो!

आमच्याभोवती एकेक करत बायका येऊन बसल्या. विहीणबाई, त्यांच्या जाऊबाई, माझ्या दोन नणंदा, माझी वहिनी. दुसरीकडे उकड मळली जात होती. माणशी चार धरले तरी दीडशेच्या वर मोदक. माझी वहिनी पारीला पंधरा-सोळा कळ्या काढते. विहीणबाईंचा पहिला मोदक झाला तो मोदक आणि करंजी यांच्या मधला काहीतरी. त्या स्वतःच इतक्या हसल्या की हातातलं सारण सांडलं. रात्री त्यांनी उट्टं काढलं. काकूंच्या स्वयंपाकघराचा ताबा घेऊन अमरावतीच्या मंडळींनी पाटवडीचा रस्सा केला, असा तिखट, की काकांनी नारळपाणी मागवलं आणि दुसऱ्यांदा रस्साही मागितला. दोन घरांचं नातं कुठे जुळलं विचाराल तर मी ती विळी आणि ती परात दाखवेन. मांडवात फक्त शिक्का बसला.

त्याआधी दुपारी चारला वाळूवर गेलो. ओहोटी! समुद्र लांब गेलेला, ओली वाळू आरशासारखी, मंडप नाही, खुर्च्या नाहीत, चटया आणि एक ढोलकी. स्पीकर नसल्यामुळे ज्याला गाता येतं त्याने गायचं आणि ज्याला येत नाही त्यानेही गायचं. आमच्याकडच्या भोंडल्याच्या गाण्यांना त्यांच्याकडच्या भुलाबाईच्या गाण्यांनी उत्तर दिलं. साडेसहाच्या सुमारास सूर्य टेकला आणि पाणी आमच्या चटईच्या टोकाला लागलं. काकांनी दोन महिने आधी सुपारी कातरता कातरता सांगितलेली वेळ!

आणि मग त्रयोदशी.

सकाळी काका अंगणात सडा टाकून म्हणाले, "ऐका." पावणेदहाची भरती. वाडीच्या पलीकडे समुद्र असा गाजत होता की माजघरात ऐकू यावा. मांडव केवढा, तर आंब्याचे टाळे, झेंडूच्या माळा आणि केळीचे चार खुंट. गुरुजी तिथलेच. मी भीत भीत विचारलं, "माईक सांगायचा राहिला, चालेल का?" ते म्हणाले, "अडतीस माणसांना माईक कशाला? मंगलाष्टकं कोण कोण म्हणणार ते सांगा."

कोण कोण म्हणणार! हॉलमध्ये कुणीतरी हौशी आत्या म्हणते, माईक किंचाळतो, मागे लोक एकमेकांची चौकशी करत असतात, आणि "सावधान" ऐकू आलं की समोरच्याच्या टकलावर अक्षता पडतात. इथे अडतीस माणसं दोन अर्धवर्तुळांत उभी. मामाने लेकीला आणलं. अंतरपाट धरला. पहिलं मंगलाष्टक गुरुजींनी म्हटलं. दुसरं माझ्या आईने, चौऱ्याऐंशीच्या आवाजात, थरथरत, पण एक अक्षर न चुकता. तिसरं व्याह्यांनी, त्यांनी स्वतः रचलेलं, त्यात दोन्ही गावांची नावं गुंफलेली. चौथं माझ्या नवऱ्याने म्हणायचं होतं. त्याला दुसऱ्या ओळीला रडू आलं, ते माझ्या नणंदेने पुढे नेलं. प्रत्येक शब्द ऐकू येत होता. प्रत्येक "शुभमंगल"नंतर मागे समुद्राचा एक गडगडाट. मला शब्दांचा अर्थ पहिल्यांदा लागत होता. नद्यांची नावं येतात त्यांत, ठाऊक होतं तुम्हाला? मला ठाऊक होतं, पण मी ते ऐकलं नव्हतं. अंतरपाट दूर झाला आणि मला माझ्या लेकीचा चेहरा दिसला. समोरच. फोटोग्राफरची पाठ दिसली नाही!

आणि लग्न लागल्यावर कुणी हललंच नाही. हा तर मोठाच शोध. आपल्याकडे अक्षता पडल्या की माणसं जेवणाच्या रांगेत. पुढचे सगळे विधी वधू, वर, गुरुजी आणि धूर एवढ्यांतच होतात. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात लिहिलंय, जिथे सप्तपदीचा विधी असतो तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. म्हणजे ज्या क्षणी लग्न खरोखर होतं, त्या क्षणी आपण सगळे मठ्ठ्याच्या पिंपाजवळ! इथे तसं झालं नाही. लाजाहोमात माझा नऊ वर्षांचा पुतण्या बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालत होता, जीभ बाहेर काढून, एकही न सांडता. कानपिळीला त्याचा हात पोचेना, तेव्हा सहा फुटी जावई गुडघ्यांवर बसला. पोराने असा कान पिळला, की सगळ्या पैजा, रुसवे, मान-अपमान त्यातच वसूल झाले. मग तांदळाच्या सात राशी. आजी खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि मोठ्याने मोजू लागल्या. सगळे त्यांच्यामागून. "...पाच! सहा!" आणि सातवं पाऊल पडल्यावर त्या म्हणाल्या, "झालं बाप्पा लगन." अडतीस जणांनी लग्न होताना पाहिलं!

पंगत वाडीत, पोफळीच्या सावलीत, केळीच्या पानांवर. अमरावतीची मंडळी पळसाच्या पत्रावळीची. पानाचं निमुळतं टोक डाव्या हाताला ठेवायचं, हे आजींना माझ्या पुतण्याने समजावलं. ओल्या काजूची उसळ, मसालेभात, केळफुलाची भाजी, पंचामृत, सोलकढी, जिलबी. वाढायला कोण? नवरा आणि व्याही. आग्रह करायला कोण? जावई. माझ्या बँकवाल्या नवऱ्याला धोतर खोचून भात वाढताना मी पहिल्यांदा पाहिलं, तो इतका खूश होता की थांबेचना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, या लग्नात पाहुणा कुणीच नाही. प्रत्येकाकडे काहीतरी काम आहे. माझ्या भावाकडे बस, जाऊबाईंकडे रुखवत, भाच्याकडे फोटो, विहीणबाईंच्या भावाकडे औषधांची पिशवी. काम असलं की माणूस घरचा होतो. पाचशे चाळीसांत आपण यजमान म्हणून उभे राहतो आणि लोक आपल्याला भेटून जातात. अडतिसांत सगळेच यजमान.

सगळं गोडच झालं असं नाही. एक चुलत नणंद अजून बोलत नाही. ज्यांना बोलावलं नाही त्यांना संदेश टाकू नका, स्वतः फोन करा, हे मी त्यातूनच शिकले. परत आल्यावर चार रविवार घरी चहा, लाडू-चिवडा ठेवला, दहा-पंधरा जणांना बोलावलं, आणि गंमत म्हणजे त्यातही मजा आली, कारण लेक-जावई प्रत्येकाशी बसून बोलले. खर्च म्हणाल तर हॉलच्या अंदाजाच्या निम्म्याहून थोडा कमी झाला.

तुम्ही विचार करत असाल तर भराभर सांगते. सोमवार ते गुरुवार धरा, शनिवार-रविवारी कोकणात खोल्या मिळत नाहीत. आधी एक रात्र स्वतः राहून या. म्हाताऱ्यांसाठी कमोड, जनरेटर आणि जवळचा डॉक्टर, या तीन गोष्टी फुलांच्या आधी विचारा. गुरुजी तिथलेच घ्या आणि सामानाची यादी त्यांच्याकडूनच मागा. आचारी आणू नका, घरच्या काकूंना हाताखाली दोन बायका द्या आणि त्या सांगतील ते करा. किनाऱ्यावर मांडव घालायला परवानगी लागते, वाडीत लागत नाही. पत्रिका थोड्या का होईना छापा, विवाहनोंदणीला ती मागतात, आणि तीन साक्षीदारही लागतात. आमच्याकडे साक्षीदार कोण होणार यावरून भांडण झालं, कारण अडतीसही जणांनी पाहिलं होतं.

आणि तारीख ठरली की आधी पंचांग उघडा. तिथीची पाऊणपट करा, ती भरती. सहा तास मिळवा, ती ओहोटी. वाळूवर गाणी म्हणायची तर ओहोटी धरा. मंगलाष्टकं ऐकायची तर भरती.